तेरावा महिना आणि भोयर जमादार

आमच्या घरात सकाळ विड्यांनी सुरू व्हायची. आई दारात बसून तेंदूची पानं कात्रीने कापायची, आणि आम्ही भावंडं शाळेत जायच्या आधी तिच्या भोवती बसून दोरा गुंडाळायचो. बाप कापडाच्या गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे रोज भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. तो लवकर परत आला की आई कणकेचं ताट झाकून ठेवायची. आज एक वेळ, एवढं आम्हाला त्यातून समजायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापाने भिंतीतल्या कोनाड्यातले देव काढले आणि तिथे आमची पुस्तकं ठेवली. त्या कोनाड्यातून बी.ए.पर्यंत पोचलो मी एकटा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हता. हे मी छाती काढून सांगतो, कारण तेव्हा छाती काढून सांगायला आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

पोलीस खात्याच्या एका ऑफिसात मला कारकुनी लागली, आणि ऑर्डर हातात पडायच्या आधी माझी चौकशी करायला भोयर जमादार आमच्या वस्तीत आले. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं: हडकुळा, पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, सायकल हातात धरून आमच्या घरावरून सरळ पुढे निघून गेलेला. आमच्या दारात यायच्या आधी ते गल्लीत सात घरी जाऊन आले. किराणावाल्याला विचारलं, नळावरच्या बायांना विचारलं, ज्याच्याशी बापाचं वर्षभर बोलणं नव्हतं त्या शेजाऱ्याला तर अर्धा तास विचारलं. मग आमच्याकडे येऊन खाटेवर बसले. आईने पाण्याचा गिलास पुढे केला. त्यांनी हाताने नको म्हटलं.

आईचा चेहरा उतरला. आमच्या घरचं पाणी नको म्हणणारे लोक तिने जन्मभर पाहिलेले.

"आमच्या घरचं पानी चालत नाही का जी?" तिने विचारलं.

भोयर जमादारांनी डायरीतून मान वर केली. "चालते ना वं माय. पण आज मी तपासाले आलो. ज्याले तपासाचं त्याच्या घरचं पानी मी पेत नाही, मंग तो कोणीबी असो. पोरगा नोकरीले लागू दे, येतो मी प्याले."

आईचा त्यावर विश्वास बसला नाही. पण मी नोकरीला लागल्यावरच्या तिसऱ्या रविवारी ते खरोखर आले, एक गिलास पाणी प्याले, दुसरा मागून घेतला, आणि गेले. त्यानंतर आमच्या वस्तीत त्यांच्याबद्दल वाईट बोलायची कोणाची टाप नव्हती.

नशिबाने मला बसवलंही त्यांच्याच समोर. आमच्या शाखेचं काम परदेशी नागरिकांच्या नोंदीचं. नागपुरात परदेशी असे कितीक असणार, असं कोणालाही वाटेल. पण सोनेगावच्या धावपट्टीवर एक फ्लाइंग क्लब होता, आणि तिथे विमान चालवायला शिकायला कुठून कुठून पोरं यायची. केनिया, इराण, मलाया, मॉरिशस. पोराने पैसे भरले, डॉक्टरने छाती तपासली, तरी आमच्या शाखेचा रिपोर्ट वर गेल्याशिवाय क्लबवाले त्याला विमानात बसू देत नसत. वर्गात बसायचं, विमान धुवायचं, दुसऱ्याचं उडणं पाहायचं. स्वतः उडायचं नाही. तो रिपोर्ट भोयर जमादार लिहीत. खाली सही साहेबांची असे, इंग्रजी आणि टायपिंग माझं, पण शब्द त्यांचा.

एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं झाली होती, पण ब्लॅकआउटसाठी काचांना लावलेला काळा कागद आमच्या ऑफिसच्या एका खिडकीवर अजून तसाच होता. भोयरांनी तो काढू दिला नाही. एकाही विमानात ते कधी बसले नव्हते. नरखेडकडच्या खेड्यात जन्म, विहिरी आणि मोटांत गेलेलं बालपण. जमिनीवरच्या चोराचा माग काढता येतो, वर गेलेल्याचा कसा काढायचा, हा त्यांचा खरा प्रश्न होता. पोरगं पहिल्यांदा समोर आलं की ते चष्मा कपाळावर चढवून आमच्या नागपुरी हिंदीत विचारायचे, "क्यों रे, उडने को इधर काहे को आया? तेरे मुलुक में आसमान नहीं है क्या?" पोरं हसायची. कोण हसलं, किती वेळ हसलं, तेही डायरीत जायचं.

त्यांची कामाची रीत एक होती आणि ती त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नव्हती. पोराकडून एक फॉर्म भरून घ्यायचा: घर, आईबाप, शाळा, कोण कुठे राहतं. पंधरा दिवसांनी फॉर्म हरवला म्हणून तोच पुन्हा भरायला द्यायचा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. मला वाटायचं, फरक दिसला की पकडत असतील. एकदा मी एका पोराचे दोन फॉर्म अक्षराला अक्षर जुळले म्हणून शाबासकीच्या सुरात सांगितलं, तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहायला लागले.

"मेश्राम बाबू, तुह्या बहिणीच्या लग्नात किती लोकं जेवले?"

मी म्हटलं दोनशे. थोडं थांबून म्हटलं, अडीचशे असतील.

"पाहा. खरं हाये म्हणून चुकून राहिला तू. जो पाठ करून येते, तो चुकत नाही."

तो पोरगा क्लबच्या पटावर होता पण धावपट्टीवर कधी जातच नव्हता. इतवारीच्या बाजारात परदेशी घड्याळं विकायचा. महिनाभराने पकडला गेला. तेव्हापासून भोयरांचा संशय मी थट्टेवारी नेला नाही.

थट्टा होण्यासारखंही पुष्कळ होतं. मॉरिशसचा एक मुलगा आला, तो चांगलं मराठी बोलायचा. त्याचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. भोयरांना ते पटेना. परदेशी आणि मराठी बोलते म्हणजे हा साताऱ्याकडचा, खोटा पासपोर्ट करून आला. दोन महिने त्याच्या खानावळीत चौकशी, धोब्याकडे चौकशी, तो आंघोळ करताना काय गुणगुणतो याची चौकशी. शेवटी एक दिवस ऑफिसच्या दारात भोयरांचीच सायकल त्या पोराच्या पायावर पडली आणि तो कोणत्या तरी अगम्य भाषेत भडाभडा बोलला. भोयरांनी सायकल उचलली आणि आत येऊन मला म्हणाले, "लिही, परदेशी आहे. मार लागल्यावर माणूस घरच्याच भाषेत शिव्या देते." सायकल पडली की पाडली, हे मी त्यांना विचारलं नाही.

आणि मग तेस्फाये आला.

आणीबाणी उठून चारपाच महिने झाले होते, पण ऑफिसातली माणसं अजून दार लोटूनच बोलायची. तेस्फाये इथिओपियाचा. उंच, सडपातळ, बोलताना हात मागे बांधून उभा राहणारा. लहानपणी त्याला तिकडे गेलेल्या एका मलबारी मास्तरांनी गणित शिकवलं होतं, म्हणून विमान शिकायला हिंदुस्थानातच यायचं त्याने ठरवलेलं. सोमलवाड्याला खोली घेऊन तो एप्रिलपासून राहत होता. सगळे पेपर नीट होते, एक सोडून. शाळेच्या दाखल्यावरचं जन्माचं साल पासपोर्टावरच्या सालाच्या आठ वर्षं मागचं होतं. तेवढ्यावर भागलं नव्हतं. दाखल्यावर तारखेत महिन्याच्या जागी तेरा लिहिलेलं होतं.

भोयरांनी तो दाखला उन्हात धरला, उलटा करून पाहिला, हुंगला. मग तेस्फायेला विचारलं. तो शांतपणे म्हणाला की आमच्या देशात वर्षाचे महिने तेरा. शेवटचा छोटा, पाच दिवसांचा. आणि सालही तुमच्या मागे चालतं. मी मराठीत सांगितलं.

"तेरा महिने," भोयर म्हणाले. "मंग पगार किती महिन्याचा भेटते, विचार त्याले."

ऑफिसात सगळे हसले. तेस्फायेही हसला, आणि तिथेच चुकला. दोन साली जन्मलेला माणूस म्हणजे दोन माणसं, एकाचा दाखला आणि दुसऱ्याचा पासपोर्ट, असा भोयरांचा निष्कर्ष झाला. रिपोर्टच्या मसुद्यावर त्यांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला: संशयास्पद. त्यांच्या नोकरीत त्यांनी लिहिलेला तो शब्द कधी खोडला गेला नव्हता.

दिल्लीला त्यांच्या वकिलातीकडे पत्र गेलं. उत्तर आलं नाही. त्यांच्याकडे राजा जाऊन लष्कराचं राज्य आलेलं, तिथल्या वकिलातीला कोण विचारतो. तेस्फायेला मात्र तिकडून पत्र आलं. ऑगस्ट संपायच्या आत उडणं सुरू झालं नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि पहिल्या बोटीने परत. तो ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. परत जायला काय हरकत आहे, असं मी सहज विचारलं. त्याने सांगितलं की फेब्रुवारीत त्याच्या मोठ्या भावाला घरातून जेवता जेवता उठवून नेलं. तेव्हापासून पत्ता नाही. आता घरात नेण्यासारखा तोच एक उरला आहे.

मी बी.ए. झालेला. मला वाटलं, पुस्तकात असेल ते भोयर मानतील. रविवारी वाचनालयात बसून मी एका जाड कोशात तो परिच्छेद शोधला, हाताने उतरवून आणला. तेरा महिने, साल मागे, सगळं होतं. भोयरांनी तो कागद वाचून घेतला आणि परत दिला.

"ज्यानं हे छापलं तो मले भेटला नाही," ते म्हणाले. "हे पुस्तक त्या पोरानंबी वाचलं असन."

मला राग आला. पदवीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

तिसऱ्या दिवशी ते अनारशांचा डबा घेऊन आले. त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्यांची मुलगी काटोलला दिलेली. जावई-मुलगी धोंड्याच्या जेवणाला आली होती. तेहतीस अनारसे, दिव्यासकट ताट, जावयाला धोतरजोडी, सगळं भोयर एरवी कधी नव्हे इतक्या खुशीत सांगत होते. आमच्याकडे छप्पननंतर हे सारं सुटलेलं. आईलाही आता धोंड्याचा महिना कधी येतो ते आठवत नसे. म्हणूनच कदाचित मला ते बाहेरून दिसलं. अनारसा हातात धरून मी विचारलं, "जमादार साहेब, हा महिना यंदा आला, तो मागच्या साली कुठं होता?"

"मागच्या साली नसते तो. तिसऱ्या वर्षी येते."

"म्हणजे यंदा तुमच्याकडे महिने किती?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, अधिक श्रावण, श्रावण. भाद्रपदाशी बोट थांबलं. पुढचं त्यांनी मोजलं नाही. डब्याचं झाकण लावलं, टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

कुठे, ते सांगितलं नाही. दोन सायकलींवर आम्ही सोमलवाड्याला गेलो. तेस्फाये खोलीच्या बाहेर पायरीवर बूट पॉलिश करत होता. आम्हाला पाहून उभा राहिला. त्याला वाटलं, न्यायलाच आले. भोयरांनी त्याला पायरीवर बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी बसले आणि मला सांगितलं की तारीख, साल, कागद काही विचारू नको. त्या महिन्यात याच्या घरचे लोक करतात काय, एवढंच विचार.

तेस्फाये बराच वेळ बोलला. तो महिना तिकडे पावसाळ्याच्या शेवटी येतो. म्हाताऱ्या बाया पाचही दिवस पहाटे नदीवर जाऊन आंघोळ करतात. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला तर तो देवदूताचा पाऊस. लहान पोरं कपडे काढून त्यात नाचतात. त्याचा जन्म त्याच दिवशीचा. आईला कळा सुरू झाल्या आणि सुईणीकडे पाठवायला घरात कोणी नव्हतं, कारण थोरला भाऊ उघडा होऊन पावसात नाचत गावभर गेलेला. आई ती गोष्ट दर वर्षी सांगायची आणि भाऊ दर वर्षी चिडायचा.

मी मराठीत सांगत होतो आणि भोयर लिहीत होते. "हा कोणता भाऊ?" त्यांनी विचारलं.

"ज्याला घेऊन गेले तो."

भोयरांनी पेनला टोपण लावलं. चौकशीच्या मधे पेन बंद करताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी डायरी खिशात घातली आणि तेस्फायेला, आपल्या लेकाला विचारावं तसं, जेवला का म्हणून हिंदीत विचारलं. पण आत येऊन चहा घ्या म्हटल्यावर हाताने नको म्हणाले.

तिथून आम्ही थेट मेडिकल कॉलेजला गेलो. तिथे इथिओपियाची एक मुलगी डॉक्टरकी शिकत होती, अल्माझ नावाची. तिची नोंद आमच्याकडे होती आणि तेस्फायेला ती ओळखत नसल्याची खात्री भोयरांनी पूर्वीच करून ठेवली होती. हॉस्टेलच्या मेट्रनबाईंना शेजारी बसवून आम्ही तिला तोच प्रश्न विचारला. तीही हसली, असं काही पोलीस विचारतील, असं तिला वाटलंच नव्हतं. ती म्हणाली, आमच्या गावाला नदी नाही, झरा आहे, तिथे आंघोळ. तिसऱ्या दिवशीच्या पावसात पोरं नाचतात हे खरं, पण मुलींना नाचू देत नाहीत, म्हणून ती आजीबरोबर भांडी अंगणात मांडायची. ते पाणी कणकेत घातलं की पीठ वर्षभर संपत नाही, अशी आजीची समजूत. आणि महिना पाच दिवसांचा नेहमी नसतो, चौथ्या वर्षी सहाचा.

परतताना भोयर सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले. मग म्हणाले, "दोघाचं जुळत नाही बराबर. तो म्हणते नदी, ती म्हणते झरा. तो म्हणते पाच, ती म्हणते सहा. पिठाचं त्याले माहीतच नाही."

ऑगस्ट संपायला जेमतेम पंधरवडा होता.

"म्हणून खरं हाये गा," ते म्हणाले.

ऑफिसात आल्यावर त्यांनी मसुदा पुढे ओढला आणि 'संशयास्पद'वर आडवी रेघ मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, दुसऱ्यांदा मारली. मग खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर इसमाचा जन्म त्यांचेकडील धोंड्याचे महिन्यात झालेला असून, सदर महिना आपलेकडे दर तिसरे वर्षी व त्यांचेकडे दर वर्षी येत असल्याबाबत दोन साक्षीदारांकडून स्वतंत्रपणे खात्री करण्यात आली आहे. सालातील फरक त्याच कॅलेंडरचा. दोन्ही कागद एकाच इसमाचे. हरकत नाही.'

याचं इंग्रजी करताना बी.ए.चा मला फारसा उपयोग झाला नाही. धोंड्याला मी जादा महिना म्हटलं आणि टाइप केलं. साहेबांनी वाचून मला आत बोलावलं, हे कोणाचं डोकं म्हणून विचारलं. मी भोयरांचं नाव सांगितलं. साहेब थोडं हसले आणि सही केली. कागद टपालात टाकायला भोयर तयार नव्हते. पावसात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ते स्वतः सोनेगावला देऊन आले.

संशय सुटला, असं मात्र समजू नका. मी त्यांना दोन दिवसांनी म्हटलं, चला, एका पोराचं भलं झालं. ते म्हणाले, "जन्माचं झालं. माणसाचं अजून पाहून राहिलो मी." सप्टेंबरभर ते तेस्फायेच्या धोब्याकडे जात होते.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, तेस्फाये पहिल्यांदा एकटा उडणार असल्याचं त्याने मला सांगितलं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. दोन सीटचं पुष्पक विमान, शिकवणारा खाली उतरलेला, त्याची जागा रिकामी. विमान हललं, पळालं, उचललं गेलं. मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला भोयर जमादार दिसले. सायकल तारेला टेकवलेली, एका हाताची डोळ्यांवर सावली, दुसऱ्या हातात उघडी डायरी. मला त्यांनी पाहिलं असावं, पण ओळख दाखवली नाही. विमान अंबाझरीकडे वळलं तसे तेही वळले. ते ठिपक्याएवढं झालं तेव्हा तारेवर पाय देऊन थोडे वर चढले. विमान परत येऊन, एकदा उसळी घेऊन, त्याची चाकं जमिनीला लागेपर्यंत ते तसेच उभे होते. मग खाली उतरून, घड्याळ पाहून, वेळ लिहिली, टोपी सारखी केली आणि सायकलवर बसून निघून गेले.

त्याच डिसेंबरात ते रिटायर होऊन नरखेडकडे गेले. माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. तेस्फाये दीड वर्षात सगळ्या परीक्षा पास झाला आणि त्याला कमर्शियल पायलटचं लायसन मिळालं.